एकाहत्तर घरांचा खोकला

विराबीनच्या कौन्सिलच्या बैठकीत नोलीन बेझिकने दोनशे तेरा सह्यांचा गठ्ठा टेबलावर आपटला आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. गावाच्या डोक्यावर टेकडीच्या कडेला जी दगडखाण होती, ती वाढवायचा अर्ज कौन्सिलपुढे आला होता. खाणीची धूळ गावावर येते, तिनेच लोक खोकतात, म्हणून खाण वाढवू देऊ नका, असं त्या सह्यांच्या वर लिहिलेलं होतं. लिहिलंही नोलीननेच.

कौन्सिलचा इंजिनियर सडपातळ, शांत माणूस होता. त्याने सगळी पानं उलटून पाहिली आणि विचारलं, "लोकांना खाण नकोय, एवढं यावरून कळलं. पण खोकला खाणीमुळेच येतो हे कशावरून?"

"कशावरून म्हणजे? मी मर्लच्या शेजारी राहते. सकाळी सहाला तिची उबळ सुरू होते ती मी माझ्या स्वयंपाकघरात ऐकते. दोनदा दवाखान्यात नेऊन आणलंय तिला."

"ते खरंच आहे हो. पण ते खाणीमुळे, हे कशावरून?"

मागच्या रांगेत कुणीतरी खुदकन हसलं. नोलीनच्या कानाच्या पाळ्यांपर्यंत रक्त चढलं. अठ्ठावन्न वर्षांच्या आयुष्यात तिला बोलताना शब्द कमी पडले नव्हते. शाळेच्या कँटीनमध्ये वीस वर्षं तीनशे पोरांना रांगेत उभं करणारी बाई ती. पण या प्रश्नाला तिच्याकडे उत्तर नव्हतं, आणि नाहीये हे सगळ्या सभेला दिसलं.

घरी आल्यावर तिने नवऱ्याला सांगितलं, "केल, मी कोर्स करणार आहे."

केल बूट काढत होता. तो तसाच थांबला. "आता कशाचा?"

त्याच्या विचारण्यात खोच होती आणि ती बरोबर होती. इंटरनेटवरचे फुकटचे छोटे कोर्स हे नोलीनचं जुनं वेड. मधमाश्यांचा कोर्स तिने दोन आठवडे केला. रोमन साम्राज्याचा केला, तो पहिल्याच लढाईत सोडला. आंबवलेला पाव, झाडांची चित्रं काढणं, इटालियन भाषा, ताऱ्यांची ओळख, असे नऊ कोर्स तिच्या नावावर होते आणि पुरा एकही नव्हता. केल गावात सांगायचा, "आमच्या घरात विद्यापीठ आहे, पण अर्धंच बांधून झालंय."

"रोग कुठून येतो ते कसं शोधायचं, त्याचा," नोलीन म्हणाली. "सहा आठवड्यांचा आहे. लायब्ररीतल्या बाईने दाखवला. कुणालाही करता येतो."

"आणि सातव्या आठवड्यात तू खाण बंद पाडणार."

"बघच तू."

केल हसला आणि शेगडीत ओंडका सरकवायला गेला. विराबीन ऑस्ट्रेलियातल्या पठारावरचं गाव, तिकडे हिवाळा जून-जुलैत. जूनमध्ये सकाळी गवत गोठलेल्या दवाने पांढरं असायचं. घरोघरी लोखंडी शेगड्या होत्या, आणि त्यातल्या बऱ्याच शेगड्यांत जळणारं लाकूड केलने तोडलेलं असायचं. गेली पंधरा वर्षं तो तेच करत होता. पडलेली झाडं कापायची, फोडायची, ट्रेलरमध्ये भरून घरपोच टाकायची.

कोर्स शिकवणाऱ्या बाईचं नाव वासिलिकी. मेलबर्नमध्ये राहायची, पडद्यावर यायची तेव्हा तिच्यामागे नेहमी एक वाळलेली कुंडी दिसायची. पहिले दोन आठवडे नोलीनला काही म्हणजे काही कळलं नाही. शाळा पंधराव्या वर्षी सुटलेली, गणित तर त्याच्याही आधी सुटलं होतं. टक्केवारीच्या चाचणीत तिला दहापैकी तीन मिळाले. तीच चाचणी तिने पाच वेळा दिली. कँटीनमधून आल्यावर, दुपारी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, एप्रनसुद्धा न काढता. पाचव्यांदा आठ मिळाले तेव्हा तिने कुणाला सांगितलं नाही, फक्त चहात एक चमचा साखर जास्त घातली.

तिसऱ्या आठवड्यात प्रत्येकाने आपापल्या गावासाठी प्रश्नावली करायची होती. नोलीनने एका बैठकीत लिहून पाठवली. पहिलाच प्रश्न होता, 'खाणीच्या धुळीमुळे तुम्हाला किती त्रास होतो?'

वासिलिकीचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. 'नोलीन, तू प्रश्न विचारलेला नाहीस, उत्तर सांगून टाकलं आहेस. पाहणीत खाणीचं नावही काढू नकोस. गेल्या चौदा दिवसांत किती दिवस खोकला होता, एवढंच विचार. खाणीपासून लांबच्या घरांनाही विचार. खोकल्याची आणखी जी कारणं असू शकतात, तीही सगळी विचार. आणि पाहणी सुरू करायच्या आधी, काय निघेल असं तुला वाटतं, ते एका कागदावर लिहून तारीख टाकून ठेव. नंतर फिरवता येता कामा नये.'

नोलीनला हे फार लागलं. दोन दिवस तिने लॅपटॉप उघडला नाही. केलने तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "चला, दहावं अर्धं विद्यापीठ."

त्या एका वाक्याने ती उठली. नवी प्रश्नावली लिहायला बसली तेव्हा केल समोर जेवत होता, मटणाची हाडं चोखत.

"खोकल्याची आणखी कारणं सांग," ती म्हणाली.

"सिगरेट."

"लिहिली."

"दमा. कुत्री-मांजरं. कोंदट भिंती." केलने दुसरं हाड उचललं. "आणि घरात शेगडी कुठली आहे ते विचार. हिवाळ्यात माणसं दारंखिडक्या लावून तिच्यापुढेच बसलेली असतात की."

"हे बरं सुचलं तुला."

"मला बरंच सुचतं. विचारतं कोण?"

मग तिने कागदावर लिहिलं, 'खाणीजवळच्या घरांत खोकला सगळ्यात जास्त असेल.' तारीख टाकली, सही केली, आणि कागद साखरेच्या डब्याखाली ठेवला.

गावाच्या त्या बाजूला एकाहत्तर घरं होती. टेकडीवर खाणीला लागून क्वारी रोडची चौदा. खाली ओढ्याकाठी, खोलगट भागात, क्रीक स्ट्रीटची बावीस; नोलीनचं आणि मर्लचं घरही त्यातच. बाकीची पस्तीस मधल्या उतारावर. नोलीनने एकही सोडायचं नाही असं ठरवलं. केलला लाकूड पोचवायला फिरायचंच होतं, त्यामुळे ती त्याच्या पिकअपमध्ये पुढे बसायची, तो ट्रेलर रिकामा करेपर्यंत शेजारची तीन घरं उरकायची. कुणी आत बोलावून केक खायला घातला, कुणी दारातूनच बोळवलं. एका घरी ती चार वेळा गेली तेव्हा आतला म्हातारा म्हणाला, "बाई, मी काय खोकत नाही, पण तू अशी येत राहिलीस तर खोकेन."

जनेट पिडकॉक क्रीक स्ट्रीटवर राहायची. खाणविरोधी समितीत नोलीनच्या बरोबरीने तीच धावपळ करणारी. तिला नवे प्रश्न आवडले नाहीत.

"यात खाणीचं नावच नाही! काय चाललंय तुझं?"

"असंच विचारायचं असतं, जनेट. मग आपल्याला कुणी खोडून काढू शकत नाही."

"बरं. पाच दिवस लिही माझे. खरं तर खाणीमुळे पन्नास लिहायला पाहिजेत."

"चौदातले विचारलेत मी."

"म्हणून पाचच सांगितले."

जुलैच्या मध्याला पाहणी पुरी झाली. रविवारी दुपारी नोलीनने कागद टेबलावर पसरले आणि शिकवलं होतं तसं मोजायला घेतलं. चौदातले पाच किंवा जास्त दिवस खोकला असेल, ते घर खोकल्याचं धरायचं. एकूण एकतीस निघाली. मग रस्त्याप्रमाणे वेगळी केली.

क्वारी रोडवर चौदापैकी तीन. क्रीक स्ट्रीटवर बावीसपैकी पंधरा.

तिला वाटलं गठ्ठे उलटेसुलटे झाले. परत मोजलं. मग पेन बदलून तिसऱ्यांदा मोजलं. खाणीच्या अगदी दारातली माणसं धडधाकट होती, आणि खाणीपासून सगळ्यात लांब, खाली ओढ्याकाठी राहणारी माणसं खोकत होती. सिगरेट ओढणारे दोन्हीकडे सारखेच होते. शेगड्या दोन्हीकडे होत्या. क्रीक स्ट्रीटवरच्या सात घरांत तर लाकडाची शेगडी नव्हतीच, विजेवर घर गरम करायचे, तरी त्यातली पाच खोकत होती.

टेबलाच्या कडेला क्वारी रोडचे चौदा कागद वेगळे पडले होते. हे चौदा गेले कुठेतरी, तर? कुणाला कळणार होतं? हा विचार तिच्या मनात आला आणि मिनिटभर बसूनही राहिला. तिने त्याला उठवलं नाही, पण कागदही उचलले नाहीत. मग सगळे एका पिशवीत घालून ती उठली.

वासिलिकीने लिहिलं, 'आता आकड्यांकडे नको, गावाकडे बघ. जिथे खोकला नाही, तिथे जाऊन उभी राहा.'

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला नोलीन थर्मास घेऊन क्वारी रोडच्या टोकाला गेली. खाण अजून सुरू व्हायची होती. वरती आभाळ निळंशार, हवा इतकी स्वच्छ की छातीत गार टोचत होती. तिने खाली पाहिलं आणि थर्मासचं झाकण उघडायचं विसरली.

खालचं गाव दिसतच नव्हतं. खोलगट भागावर करडा पांढुरका थर पसरला होता, भांड्यावर झाकण ठेवावं तसा सपाट. त्यातून धुरांडी तेवढी वर आली होती. धूर सरळ वर चढायचा, थोडा जाऊन अडायचा, आडवा व्हायचा आणि परत खाली क्रीक स्ट्रीटवर बसायचा. गार हवा तिथे साठून राहिली होती, ती त्याला वर सोडत नव्हती. टेकडीवरच्या शेगड्यांचा धूर मात्र वाऱ्याने केव्हाच उडवून नेला होता. विजेवरची सात घरंही का खोकतात ते तिला उभ्या उभ्या कळलं. खोकणाऱ्याच्या घरात धूर असायची गरजच नव्हती. तो बाहेरून आत येत होता.

त्या सगळ्या धुरांड्यांत सगळ्यात दाट, पिवळट धूर ओकणारं एक धुरांडं तिने ओळखलं. ते तिचं स्वतःचं होतं.

ती घरी आली तेव्हा केल अंगणात लाकूड फोडत होता. तिने एक फोडलेला तुकडा हातात घेतला. जड होता. गालाला लावला तर गार आणि ओलसर.

"हे कधी तोडलेलं?"

"फेब्रुवारीत. का?"

"वाळायला किती दिवस लागतात?"

केलने कुऱ्हाड ओंडक्यात रोवली. "दोन उन्हाळे. पण दोन उन्हाळे थांबायला कुणाला वेळ आहे? लोक मेपासूनच फोन करतात. का, काय झालं?"

तिने सांगितलं. रस्ते, आकडे, टेकडीवरून दिसलेला धूर, सगळं. केल ऐकत राहिला. त्याचा चेहरा हळूहळू बंद होत गेला.

"म्हणजे माझ्या लाकडाने मर्ल खोकते."

"तुझ्या एकट्याच्या नाही. सगळ्यांच्याच. आपण शेगडी बारीक करून झोपतो, ओलं लाकूड धुमसत राहतं..."

"पंधरा वर्षं मी त्या म्हातारीला लाकूड टाकतोय. रचूनसुद्धा देतो."

"माहीत आहे रे मला."

"आणि हे तू हॉलमध्ये उभी राहून सांगणार."

"सांगावं लागेल."

"का लागेल? कोण विचारतंय? सगळ्यांना खाण हवीय शिव्या द्यायला. द्या की!" त्याने कुऱ्हाड उपटली. "नऊ कोर्स अर्धे सोडलेस. हाच कसा पुरा करावासा वाटला तुला?"

त्याने शेवटी पुटपुटल्यासारखं विचारलं, "शेगडीचा प्रश्न कुणी सुचवला होता?"

"तूच."

केल कुऱ्हाड घेऊन शेडमध्ये गेला. पुढचे आठ दिवस घरात जेवण, आंघोळ आणि हवामान एवढ्याच विषयांवर बोलणं झालं. नोलीनने त्याला समजावायचा प्रयत्न केला नाही. तिने चार पानं लिहिली, वासिलिकीने त्यातली दोन खोडली, आणि उरलेली दोन तिने आरशासमोर वाचून पाठ केली.

समितीची सभा ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी दुपारी गावच्या हॉलमध्ये होती. शंभरावर माणसं आली होती. खाणीचा व्यवस्थापक रसेल पहिल्या रांगेत वही उघडून बसला होता, उत्तरं द्यायच्या तयारीने. जनेटने दारावर फलक लावला होता, 'आता पुरावा आमच्याकडे.' केल सगळ्यात मागे, भिंतीला टेकून उभा.

नोलीनने आधी साखरेच्या डब्याखालचा तो कागद वाचून दाखवला. तारीखही वाचली.

"हे मी आधी लिहिलं होतं," ती म्हणाली. "आणि मी चुकले. खाणीजवळ खोकला सगळ्यात कमी आहे. सगळ्यात जास्त क्रीक स्ट्रीटवर आहे. तिकडे धूळ नाही, आपला धूर आहे. आपल्या सगळ्यांच्या शेगड्यांचा."

 हॉलमध्ये एकदम गलका उठला. कुणी म्हणालं, माझ्या आजोबांपासून शेगडी आहे घरात. कुणी म्हणालं, तीन आठवडे दारोदार फिरलीस ती यासाठी? जनेट उभी राहिली. 

"खाणवाल्यांनी काय चारलं तुला, नोलीन? दोनशे तेरा माणसांनी तुझ्या शब्दावर सह्या केल्यात. तेव्हा खोटं बोललीस की आत्ता बोलतेस?"

"तेव्हा मला माहीत नव्हतं, जनेट. आता जेवढं मोजलं तेवढं सांगतेय."

"खोटारडी!"

"ए, पिडकॉकबाई." मागून आवाज आला. केल भिंतीपासून सुटा झाला होता. टोपी हातात चुरगाळलेली. सभेत बोलायची त्याची आयुष्यातली पहिली वेळ. "लाकूड माझं आहे. तुझ्याकडचंही माझंच आहे. दोन उन्हाळे वाळवायला लागतं, मी एकाच उन्हाळ्यात विकतो. मला माहीत होतं. धूर जास्त येतो तेही माहीत होतं. कुणाच्या छातीत जातो ते नव्हतं माहीत." तो थांबला, आणखी काही सुचतंय का पाहिलं, सुचलं नाही. "बस. एवढंच." आणि बाहेर निघून गेला.

सभा कशीबशी आटोपली. नोलीन कागद गोळा करत होती तेव्हा रसेल हसत हसत आला. "बेझिकबाई, फार धाडसाचं काम केलंत. ती दोन पानं आम्हाला मिळाली तर कौन्सिलला पाठवता येतील."

"पानं मिळतील, पण पुरी वाचून पाठवा," नोलीन म्हणाली. "शेवटी लिहिलंय, मी धूळ मोजलेली नाही. सुरुंगांनी क्वारी रोडच्या काचा तडकतात, तेही मोजलेलं नाही. मी खोकला मोजलाय, तोही एका हिवाळ्याचा. माझ्या नावावर तुमची खाण चांगली आहे म्हणालात, तर तिकडे येऊन बोलेन मी."

रसेलने वही मिटली.

केल पिकअपमध्ये बसून होता. ती शेजारी चढली. केलने गाडी काढली.

"मी तुझ्यासाठी नाही बोललो," अर्ध्या रस्त्यात तो म्हणाला. "अजून राग आहे मला."

"बरं."

"पण तुला खोटारडी म्हणायचं असेल तर मी म्हणेन. ती कोण?"

नोलीन खिडकीकडे तोंड करून हसली, त्याला दिसणार नाही अशा बेताने. मग हसता हसता रडायला आलं, तेही तिने खिडकीलाच दाखवलं.

सोमवारपासून केलने नवं लाकूड विकणं बंद केलं. फेब्रुवारीचं सगळं त्याने शेडमागे उंच रचलं, वर पत्रे टाकले आणि फोन करणाऱ्यांना सांगायला लागला, पुढच्या वर्षीही नाही, त्याच्या पुढच्या वर्षी या. काही गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली, तिकडून ओलंच लाकूड घेतलं. हिवाळा भागवायला केलने शाळेच्या बसवर आठवड्याचे तीन दिवस चालकाची नोकरी धरली. कौन्सिलने धुराबद्दल एक पत्रक छापलं, शेगडी बारीक करून झोपू नका म्हणून, ते अर्ध्या गावाने शेगडी पेटवायला वापरलं. खाणीचा अर्ज कौन्सिलने लांबणीवर टाकला, पण कारण दुसरंच दिलं. मर्लच्या मुलाने तिच्या घरी विजेची सोय केली. ती तरी खोकतच होती, आणि का खोकते ते आता तिलाही ठाऊक होतं. ती भिंतीपलीकडून ओरडायची, "नोलीन, आज तुझं धुरांडं बरं आहे गं! समोरच्याचं बघ जरा!"

दुसऱ्या हिवाळ्यात नोलीनने पाहणी पुन्हा केली. अठ्ठावन्न घरांनी दार उघडलं, तेरांनी नाही. क्रीक स्ट्रीटवरच्या ज्या एकोणीस घरांनी उघडलं, त्यातली आदल्या वर्षी तेरा खोकत होती, आता दहा. नोलीनने आकडे घाईघाईने पाठवले. वासिलिकीने लिहिलं, 'तीन घरांचा फरक योगायोगानेही पडू शकतो. यंदाचा हिवाळाही तुमच्याकडे सौम्य होता. यावरून मी काही म्हणणार नाही आणि तूही म्हणू नकोस. तिसरा हिवाळा मोज.'

"तीन घरं कमी खोकतात हे खरं की नाही?" केलने विचारलं.

"खरं आहे. पण आपल्यामुळे की नाही, ते सांगता येत नाही."

"मग तुझी ती बाई शिकवते तरी काय?"

"हेच शिकवते."

केलने डोकं खाजवलं. शेडमागच्या राशीतलं लाकूड त्या ऑक्टोबरात त्याने एकेक करून उलटं केलं, दुसरी बाजू उन्हाला यावी म्हणून.

तिसऱ्या जुलैचा पहिला शनिवार. सकाळी दहाला पिकअप क्रीक स्ट्रीटच्या तोंडाशी थांबली. मागच्या ट्रेलरमध्ये दोन उन्हाळे वाळलेलं लाकूड होतं, आपटलं की घंटेसारखं खणखण वाजणारं. नोलीन प्रश्नावल्यांची पिशवी खांद्याला लावून उतरली.

पहिलंच घर जनेटचं. गेल्या वर्षी हे दार उघडलं नव्हतं. रस्त्यात भेटली तर जनेट अजूनही पलीकडच्या बाजूला जायची.

"हे सोड की," केल खिडकीतून म्हणाला. "एकाने काय होतंय?"

"एकाहत्तर म्हणजे एकाहत्तर."

नोलीन फाटक ढकलून आत गेली. कुत्रं भुंकलं. आत रेडिओ चालू होता, म्हणजे जनेट घरात होती. तिने दार ठोठावलं. रेडिओचा आवाज बारीक झाला. कुणी आलं नाही.

नोलीनने पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली आणि पुन्हा ठोठावलं.